माण 'दुष्काळी' कुणी ठरवला?

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडी. इथं पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात, यंदा बरं झालं. जिल्हा एकच, सातारा.

हे सगळं सह्याद्रीचं काम. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना गार होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पलीकडं उतरते ती कोरडी हवा. पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आपण माणदेश म्हणतो.

एवढ्या पावसावर दाट जंगल होत नाही, गवत होतं. गवतावर ससा, काळवीट आणि त्यांच्या मागं लांडगा. माणसानंही तेच गणित धरलं आणि मेंढरं पाळली. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जायचे, खाचरात मेंढरं बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून मिरगाच्या आत परत माळावर. शेतकरी काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू काढायचा. वस्त्या पांगलेल्या, जिथं विहिरीला पाणी तिथं चार घरं.

ते दिवस सुखाचे होते असं कुणी समजू नये. १८७६-७८ च्या दुष्काळात माणसं किडामुंगीसारखी मेली. त्यानंतर इंग्रज सरकारनं माण नदीवर राजेवाडीचा तलाव बांधला. पण कमी पाऊस वेगळा आणि दुष्काळ वेगळा, हे त्या पिढ्यांना कळत होतं.

आपण दोन्ही एकच करून टाकलं. सरकारी दप्तरात माळरान म्हणजे 'पडीक'. एकदा पडीक म्हटलं की ते कुणालाही द्यायला मोकळं. सोलापूरकडच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तो पक्षी दिसला तर आम्ही बातमी करतो!

आता उरमोडीचं पाणी माणमध्ये आलंय. यायलाच पाहिजे होतं, टँकरमागं धावणाऱ्या बायांना विचारा. पण पाणी दिसलं की पहिली लागण उसाची. उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे इथल्या पावसाच्या चौपट. धरण भरलंय तोवर ठीक. ज्या साली पाऊस महाबळेश्वरातच कमी पडेल, त्या साली काय?

पाणी आणायला आपण चाळीस वर्षं भांडलो. ते कशाला वापरायचं, यावर एक तरी ग्रामसभा झालीय का? तुमच्या गावात झाली असेल तर सांगा, मी येतो बातमी करायला.