घाऱ्या डोळ्यांचा सीझियम

जर्मनीतल्या ड्यूर्कहाइमच्या खनिज पाण्यात काहीतरी अनोळखी आहे, हे बुन्सेन आणि किर्खहोफ या शास्त्रज्ञांना १८६० साली वर्णपटातल्या दोन निळ्या रेषांवरून कळले. त्या रेषा तोवर माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याच्या नव्हत्या. नाव देताना त्यांनी लॅटिनमधला ‘सीझियस’ हा शब्द निवडला. रोमन लोक तो निळसर करड्या डोळ्यांसाठी वापरत. आपण घारे म्हणतो, त्यांतलाच एक रंग. वर्णपटामुळे सापडलेले हे पहिले मूलद्रव्य, आणि ते कसे सापडले हे नावच सांगते.

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात, ओस पडलेल्या कर्करोग उपचारकेंद्रातून किरणोत्सर्गी सीझियम-१३७ची कुपी भंगारात गेली. आतली पूड अंधारात निळी चमके. कुतूहलाने लोकांनी ती आप्तांना वाटली, अंगाला चोळली. पुढे सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडले, चौघे दगावले.

अंगावरचे धुऊन काढता येते. पोटात गेलेले मोजायचे कसे? सीझियम-१३७च्या क्षयातून ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो आणि तो शरीर भेदून बाहेर येतो. जाड पोलादी भिंतींच्या खोलीत माणसाजवळ संवेदक ठेवला, की वर्णपटात नेमक्या त्याच जागी शिखर उभे राहते. बुन्सेनने निळ्या रेषेवरून ओळखले, हे यंत्र गॅमा रेषेवरून ओळखते. रीत तीच, याचे मला फार अप्रूप वाटते. गोयानियातल्या ४६ जणांना दिलेले औषधही निळेच होते: प्रशियन ब्लू हे जुने रंगद्रव्य. ते आतड्यात सीझियमला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते.

ट्रिटियमची गोष्ट वेगळी. ग्रीक ‘त्रितोस’ म्हणजे तिसरा. आपला ‘तृतीय’ त्याच कुळातला. वस्तुमानांक ३ असलेला हा हायड्रोजन. त्याचे बीटा कण इतके दुबळे, की त्वचाही ओलांडत नाहीत. बाहेरच्या संवेदकाला त्यांचा पत्ताच लागत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले, ते उघड झाले कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून. नमुना एका खास द्रवात मिसळतात, बीटा कणांमुळे त्यात सूक्ष्म चमका उठतात आणि त्या मोजल्या जातात. या तंत्राच्या ‘सिंटिलेशन’ या नावात लॅटिन ‘सिंटिला’, म्हणजे ठिणगी, आहे.

आपली वर्तमानपत्रे मात्र या सगळ्याला ‘किरणोत्सर्गाची बाधा’ म्हणून मोकळी होतात. एक्स-रे काढून घेणाऱ्याच्या अंगातून किरण गेले, तरी मागे काही उरत नाही. सीझियम गिळलेल्याच्या अंगात स्रोतच मुक्कामाला असतो. दोघांना एकच शब्द लावणे मला चुकीचे वाटते, कारण भूतबाधेची भीतीही त्या शब्दाला चिकटलेली आहे. तेव्हा अशी बातमी वाचाल, तर दोन गोष्टी विचारा: द्रव्य कोणते आणि किती बेकरेल? एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय, आणि आपल्या अन्नातून आलेल्या पोटॅशियम-४०चे सुमारे ४,००० बेकरेल प्रत्येक धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगात असतातच.