दिवा लागतो, पण अर्थिंगचे काय?

बटण दाबताच दिवा लागला, पंखा फिरू लागला, की घरातील वायरिंग व्यवस्थित आहे असा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात दिवा लागणे हा फेज व न्यूट्रल या दोनच तारा अखंड असल्याचा पुरावा होय. तिसरी, अर्थिंगची हिरवी तार मध्येच तुटलेली असली तरी गिझर पाणी तापवतो आणि फ्रिजही चालतो. दोषाचे कोणतेही लक्षण दिसत नाही. हा दडलेला दोष अपघातापूर्वी शोधून काढणारी तपासणी म्हणजे सातत्य चाचणी. वायरमनच्या भाषेत ‘कंटिन्युइटी टेस्ट’.

धोका कोठे?

गिझरमधील फेज त्याच्या धातूच्या आवरणाला टेकली आणि अर्थिंगच्या संपूर्ण मार्गाचा रोध १ ओहम असला, तर २३० व्होल्ट दाबाला सुमारे २३० अँपिअर प्रवाह वाहतो. १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी फार तर १६० अँपिअरला तत्क्षणी पडतो. म्हणजे येथे तो निश्चित पडेल. तार तुटलेली असल्यास मात्र प्रवाहाला वाटच मिळत नाही. एमसीबी स्वस्थ राहतो, आवरण २३० व्होल्टवर राहते आणि ओल्या हाताने स्पर्श करणारी व्यक्तीच प्रवाहाची वाट बनते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी जीव वाचवू शकतो. पण तो धक्का बसू लागल्यावर पडतो. शिवाय त्यावरील ‘टेस्ट’ बटण अर्थिंगच्या तारेविनाही काम करते. त्यामुळे ते दाबून अर्थिंगची खात्री होत नाही.

चाचणी कशी होते?

प्रथम मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून वीज नसल्याची खातरजमा केली जाते. सर्व उपकरणे प्लगमधून काढली जातात, कारण गिझरच्या धातूच्या नळांतून मिळणारी पर्यायी वाट खरा दोष झाकू शकते. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून त्यांचा स्वतःचा रोध टिपला जातो. नंतर वितरण पेटीतील अर्थिंगच्या पट्टीपासून एक लांब तार मीटरपर्यंत आणून, मीटरचे दुसरे टोक प्रत्येक प्लग पॉइंटच्या अर्थिंगच्या, म्हणजे वरच्या मोठ्या छिद्रात लावतात. आलेल्या आकड्यातून लांब तारेचा व मीटरच्या तारांचा रोध वजा केला, की उरतो तो भिंतीतील तारेचा रोध.

मीटरची शिटी वाजली म्हणून समाधान मानू नये. कित्येक मीटर काही दशक ओहमपर्यंतही वाजतात. महत्त्व आकड्याला आहे. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या २० मीटर तारेचा रोध जेमतेम ०.१५ ओहम असतो. तेथे २ ओहम आढळल्यास एखादा स्क्रू सैल आहे किंवा जोड गंजला आहे, असे समजावे. अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून वायरिंगच्या कोणत्याही बिंदूपर्यंत १ ओहमपेक्षा अधिक रोध नसावा, हा आपल्याकडे फार पूर्वीपासून रूढ असलेला निकष आहे. साध्या मल्टिमीटरचा प्रवाह अत्यल्प असल्याने तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो जोड उत्तम असल्याचे दाखवू शकतो. म्हणून किमान २०० मिलिअँपिअर प्रवाह सोडणारा खास मीटर अधिक विश्वसनीय ठरतो.

तारा अखंड आहेत एवढेच ही चाचणी सांगते. त्या एकमेकींना टेकलेल्या नाहीत ना, हे ५०० व्होल्टच्या मेगरने स्वतंत्रपणे पाहावे लागते.

चाचणी केव्हा करावी?

नव्या सदनिकेचा ताबा घेताना, जुनी सदनिका विकत घेतल्यावर आणि नूतनीकरणानंतर ती अवश्य करावी. फरशी फोडताना किंवा भिंतीला भोक पाडताना तार तुटणे सहज शक्य असते. जुन्या इमारतींत लोखंडी पाइपच अर्थिंगचा मार्ग म्हणून वापरला जात असे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत त्याचे जोड गंजतात, हेही ध्यानात ठेवावे.

हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. वितरण पेटी उघडण्याचे धाडस स्वतः करू नये. ‘सगळे ओके आहे’ या तोंडी आश्वासनावर न थांबता प्रत्येक पॉइंटचा आकडा लिहून घ्यावा. पुढील तपासणीच्या वेळी तोच आकडा वाढलेला दिसला, तर कोणता जोड खराब होऊ लागला आहे हे वेळीच कळते.