चिनी मुलांची ‘कमवा आणि शिका’ : फ्रान्स, १९१९



शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्यात भरपूर आहेत. मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून संपादक मंडळाकडे इतिहासासाठी दोन-तीन पाने मागून घेतली. विषय मात्र तुमच्याच गप्पांतून मिळाला. आपल्यापैकी अनेकांची मुले जर्मनीत, आयर्लंडमध्ये, फ्रान्समध्ये शिकतात किंवा शिकून आली आहेत. त्यांच्या वर्गात चिनी मुले बरीच असतात, असे सगळेच सांगतात. एवढ्या मोठ्या देशात विद्यापीठांना तोटा नाही, मग ही मुले युरोपची वाट का धरतात, असा प्रश्न आपल्या गटावर एकदा निघाला होता. त्याचे उत्तर शोधताना मी शंभर वर्षे मागे गेलो आणि तिथेच रमलो.

चीनमध्ये सुमारे तेराशे वर्षे हुशार मुलापुढे एकच मोठा रस्ता होता : राजदरबारच्या परीक्षा. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ पाठ करायचे, ठरावीक पद्धतीचे निबंध लिहायचे आणि पास झाले की सरकारी अधिकारी व्हायचे. एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेला धक्क्यांवर धक्के बसले. अफूच्या युद्धांत ब्रिटिशांनी हरवले, १८९५ मध्ये जपानने हरवले. बॉक्सर उठावानंतर १९०१ साली आठ देशांच्या फौजांनी चीनवर ४५ कोटी ताएल चांदीची खंडणी लादली. शेवटी १९०५ साली दरबाराने त्या परीक्षाच रद्द केल्या. लाखो घरांतल्या मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता एका हुकमाने बंद झाला. नवी विद्या हवी होती, आणि ती बाहेर होती.

तोपर्यंत काही जण युरोपला जाऊन आले होते. १८७७ साली फूचौच्या आरमारी गोदीतली निवडक मुले ब्रिटन आणि फ्रान्सला पाठवली गेली. त्यांतला येन फू ग्रीनिचला नौदलाचे शिक्षण घेऊन परतला. पुढे तो ओळखला गेला तो त्याने चिनीत आणलेल्या हक्सले, ॲडम स्मिथ आणि मिल यांच्या पुस्तकांमुळे. जहाजे शिकायला गेलेला मुलगा विचार घेऊन आला. हा प्रकार पुढे अनेकदा घडणार होता.

१९०५ नंतर बाहेर जाण्याची दारे तशी तीन होती. जपान जवळ आणि स्वस्त, म्हणून तिकडे हजारोंनी मुले गेली. पण १९१५ साली जपानने चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या आणि तिथे शिकणे अनेकांना अपमानाचे वाटू लागले. शिवाय तिथल्या चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा जपानीतून असत. पुढे चीनचे पंतप्रधान झालेले चौ एन लाय १९१७ मध्ये जपानला गेले, या परीक्षांत नापास झाले आणि १९१९ मध्ये परतले. दुसरे दार अमेरिकेचे. खंडणीतला काही भाग अमेरिकेने १९०८ मध्ये शिक्षणासाठी परत देऊ केला, त्यातून शिष्यवृत्त्या निघाल्या. पण जागा मोजक्या आणि चाळणी कडक. तिसरे दार युरोपचे, तेही ज्याच्या घरी पैसा त्यालाच. हुनान किंवा सिचुआनमधल्या शिक्षकाच्या, लहान जमीनदाराच्या मुलाने जायचे कुठे?

या प्रश्नाचे उत्तर टोफूच्या कारखान्यातून निघाले! ली शिझेंग हा दरबारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा. तो १९०२ साली फ्रान्सला गेला, माँतार्जी गावच्या शेतकी शाळेत शिकला आणि सोयाबीनवर संशोधन करू लागला. १९०९ च्या सुमारास त्याने पॅरिसजवळ कोलोंब इथे सोयाबीनचे पदार्थ बनवण्याचा कारखाना काढला. कामाला माणसे आणली ती आपल्या मुलखातली. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग. जुगार आणि धूम्रपान बंद. हा प्रयोग पाहून ली आणि त्याच्या मित्रांना वाटले, जे मजुराला जमते ते विद्यार्थ्याला का जमू नये? १९१२ मध्ये त्यांनी काटकसरीने फ्रान्समध्ये शिकू इच्छिणाऱ्यांसाठी एक संस्था काढली, आणि १९१५ मध्ये त्यात कष्टाची जोड दिली : कारखान्यात राबा, पैसे साठवा, त्यावर शिका. लाइपझिगला शिकून आलेले आणि पुढे पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू झालेले त्साय युआनपेई या कामात पुढे होते. फ्रेंच प्राध्यापकही सामील झाले.

‘कमवा आणि शिका’ हे शब्द कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे आपल्या घरचेच आहेत. योगायोग असा, की काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली ते साल १९१९, आणि या चिनी योजनेतली पहिली मोठी तुकडी शांघायहून बोटीने निघाली तेही साल १९१९. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण गरिबाच्या मुलाला शिकवायचे तर फीचा प्रश्न घामाने सोडवावा लागतो, हे दोन्हीकडे उमगले होते.

वेळही जुळून आली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि फ्रेंचांनी सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजूर फ्रान्समध्ये खंदक खणायला, माल चढवायला-उतरवायला नेले होते. युद्धात फ्रान्सची तरुण पिढी कापली गेली होती, कारखान्यांना हात हवे होते. संस्थेने बोटीच्या तिकिटात सवलत मिळवली, चीनमधल्या शहरांत फ्रेंच शिकवणारे तयारी वर्ग निघाले. फ्रान्स म्हणजे राज्यक्रांतीचा देश, विज्ञानाचा देश, हे आकर्षण होतेच. १९१९ आणि १९२० या दोन वर्षांत सुमारे १६०० मुले-मुली फ्रान्सला पोहोचल्या.

कोण होते त्यांच्यात? हुनानची गे जियानहाओ ही पन्नाशी ओलांडलेली बाई मुलगा त्साय हेसेन आणि मुलगी त्साय चांग यांच्यासोबत स्वतःच शिकायला निघाली. माँतार्जीत ती फ्रेंच शिके आणि भरतकाम विकून खर्चाला हातभार लावी. त्याच हुनानचा माओ मित्रांना निरोप द्यायला शांघायच्या धक्क्यापर्यंत गेला, पण स्वतः बोटीत चढला नाही. सिचुआनचा सोळा वर्षांचा डेंग झियाओपिंग वयाने थोड्याच मोठ्या असलेल्या काकाबरोबर निघाला आणि ऑक्टोबर १९२० मध्ये मार्सेयला उतरला. चौ एन लाय त्याच्या मागोमाग पोहोचले. त्यांना खरे तर ब्रिटनमध्ये शिकायचे होते. लंडनला जाऊन त्यांनी चौकशीही केली, पण तिथला खर्च पाहून काही आठवड्यांत ते फ्रान्सला परतले.

मित्रहो, इथवर ही गोष्ट एखाद्या गौरवग्रंथात शोभेल अशी आहे. पुढची तशी नाही.

ही मुले पोहोचेपर्यंत फ्रान्सचे सैनिक घरी परतले होते, युद्धाचा माल बनवणारे कारखाने थंडावले होते आणि मंदी आली होती. ज्यांना काम मिळाले, त्यांच्या पगारात पोट भरताना शिकायला काही उरेना. डेंग बायो गावच्या शाळेत जेमतेम पाच महिने शिकला आणि पैसे संपले. मग श्नायडर कंपनीच्या क्रझो इथल्या पोलाद कारखान्यात तो तापलेल्या लोखंडाच्या जड पट्ट्या ओढू लागला. ते काम तीन आठवड्यांत सुटले. पुढे माँतार्जीजवळच्या रबर कारखान्यात त्याने बुटांवर घालायचे रबरी जोडे बनवले. तिथे चार पैसे साठवून तो पुन्हा शाळेत दाखल व्हायला दुसऱ्या गावी गेला. पैसे पुरले नाहीत आणि तीन महिन्यांत परत कारखान्यात आला. पुढे जो माणूस चीनचा कारभार हाती घेणार होता, त्याचे फ्रान्समधले शालेय शिक्षण एवढेच.

जानेवारी १९२१ मध्ये त्साय युआनपेईंनी जाहीर केले की संस्थेकडे पैसा नाही. यापुढे विद्यार्थ्यांच्या खर्चाची जबाबदारी संस्था घेणार नाही. परक्या देशात, हाताला काम नसताना, ज्यांच्या शब्दावर घर सोडले त्यांनीच हात वर केले. फेब्रुवारीत शेकडो मुलांनी पॅरिसमधल्या चिनी वकिलातीवर मोर्चा नेला. त्यांच्या मागण्या साध्या होत्या : जगण्याची सोय आणि शिकण्याचा हक्क.

तरी एक आशा उरली होती. लिऑं शहरात एका जुन्या किल्ल्यात चीन-फ्रान्स संस्था उभी राहत होती. तिथे आपल्याला प्रवेश मिळेल, असे या मुलांना वाटत होते. पण संस्थेने चीनमधून परीक्षा घेऊन निवडलेली, खर्च करू शकणारी मुले आणली. सप्टेंबर १९२१ मध्ये शंभरावर कष्टकरी विद्यार्थ्यांनी संस्थेत घुसून ठाण मांडले. पोलिसांनी त्यांना धरले आणि ऑक्टोबरमध्ये १०४ जणांना बोटीत बसवून चीनला परत पाठवले. त्यांत त्साय हेसेन होता, पुढे चीनचा परराष्ट्रमंत्री झालेला चेन यी होता.

जे मागे राहिले, त्यांच्यासाठी कारखाना हीच शाळा ठरली. १९२२ मध्ये पॅरिसच्या बुआ द बुलोन्य उद्यानात जमून अठरा जणांनी युरोपातली चिनी तरुण साम्यवादी संघटना स्थापन केली. डेंग त्यांच्या पत्रकाच्या स्टेन्सिल कापायचा आणि प्रती काढायचा. मित्र त्याला गमतीने ‘छपाईचा डॉक्टर’ म्हणत. पदवी मिळाली ती एवढीच!

साऱ्यांचीच कथा राजकारणाची नाही. चित्रकार शू बेइहोंग याच काळात सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या कलाशाळेत शिकला. निए रोंगझेन हा कष्टकरी विद्यार्थी बेल्जियममधल्या शार्लरुआ इथे रसायन अभियांत्रिकी शिकला, क्रांतीत सेनानी झाला आणि पुढे चीनच्या अणुकार्यक्रमाचा प्रमुख. त्या कार्यक्रमातले शास्त्रज्ञ छियान सानच्यांग हेही १९३७ मध्ये पॅरिसला गेले होते, इरेन जोलिओ-क्यूरींच्या हाताखाली.

इथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा येऊन मिळतो. १९३७ साली नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागणारे जनरल चू तेह हे जर्मनीत, ग्यॉटिंगेनला शिकलेले. त्या पत्रानंतर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ज्या युद्धक्षेत्रात त्यांनी सेवा केली आणि डिसेंबर १९४२ मध्ये देह ठेवला, त्याचे सेनापती होते शार्लरुआचे विद्यार्थी निए रोंगझेन.

जून १९७८ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीने चीनच्या विद्यापीठांची वाताहत केल्यानंतर, त्सिंगहुआ विद्यापीठाचा अहवाल ऐकताना डेंग झियाओपिंग यांनी सांगितले की परदेशी विद्यार्थी पाठवायचे तर पाच-दहा नकोत, हजारोंनी पाठवा. पैसे संपले म्हणून दोनदा शाळा सोडावी लागलेल्या माणसाचा हा निर्णय होता. आज आपल्या मुलांशेजारी बसणारी चिनी मुले त्याच निर्णयाची नातवंडे आहेत.

त्यांची कारणे पाहिली तर जुनीच वाटतात. गावाकडची जुनी परीक्षा गेली, पण तिच्या जागी गाओकाओ आली. २०२४ साली १ कोटी ३० लाखांहून अधिक मुलांनी त्या प्रवेश परीक्षेला नावे नोंदवली. अमेरिकेने २०२० मध्ये काही चिनी संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हिसावर निर्बंध आणले. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी शुल्क नाही, ब्रिटनमध्ये एका वर्षात पदव्युत्तर पदवी होते. घरचा रस्ता अरुंद, एक दार अर्धे मिटलेले, दुसरे परवडणारे. मूल कुठे शिकते, हे बहुतेक वेळा असेच ठरते.

आपल्यापैकी कित्येक जण आज कुठल्या ना कुठल्या संस्थेवर आहेत, वसतिगृहे चालवतात, शिष्यवृत्त्या देतात. या मेळाव्यातही शाळेसाठी निधी उभारण्याची चर्चा आहेच. त्साय युआनपेई आणि ली शिझेंग यांच्या हेतूत खोट नव्हती. पण दार उघडताना त्यांनी आत येणाऱ्याच्या दुसऱ्या वर्षाचा हिशेब केला नव्हता. गरिबाच्या मुलाला ‘ये’ म्हणणे सोपे असते. त्याची फी, जेवण आणि खोली अखेरच्या परीक्षेपर्यंत निभावणे, हे खरे काम. निधीचा आकडा ठरवताना एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.