नाशिकच्या टपोऱ्या मण्याची कुळकथा

नाशिकच्या द्राक्षाचा टपोरेपणा वेलीनं दिलेला नाही. थॉमसन सीडलेस ही जात आपल्या मनानं वाढू दिली, तर तिचा मणी बारीकच राहतो. मणी फुगवणारी जिबरेलिन ही संप्रेरकं बियांत तयार होतात; थॉमसनचं बी कोवळेपणीच खुंटतं आणि फुगवणही तिथंच अडते.

ही उणीव भरून काढली भाताच्या एका रोगानं. जपानी शेतकऱ्यांना हा ‘बाकानाए’ रोग फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्यात काही रोपं शेजारच्यांहून बरीच उंच होतात, पिवळी पडतात, लोळतात. दाणा धरत नाहीत. 1926 मध्ये एइची कुरोसावा यांनी तैवानात या रोगाची बुरशी द्रवात वाढवली आणि तो द्रव गाळून निरोगी रोपांना दिला. बुरशी नसतानाही रोपं तशीच ताणली गेली. म्हणजे करामत बुरशीच्या स्रावाची होती. तेजिरो याबुता यांनी 1935 मध्ये त्या द्रव्याचं नाव जिबरेलिन ठेवलं. 1938 मध्ये त्याचे स्फटिक हाती आले. 1950 च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेतही त्यावर काम सुरू झालं, आणि दशक सरता सरता कॅलिफोर्नियात रॉबर्ट वीव्हर यांनी जिबरेलिक आम्ल, म्हणजे जिबरेलिनचंच एक रूप, थॉमसनच्या घडांवर वापरलं. मणी फुगले.

तेच द्रव्य पुढं नाशिकच्या निफाड-दिंडोरीच्या बागांत ‘जीए’ म्हणून रुळलं. ऑक्टोबर छाटणीनंतर, फुलोऱ्याआधी हलकी फवारणी होते. तिनं घड लांबतो, मोकळा होतो. मणी सेट झाल्यावर डिपिंग: मगात द्रावण घेऊन एकेक घड बुडवायचा. पहिलं डिपिंग मणी 3-4 मिलिमीटरचा, ज्वारीएवढा झाल्यावर. दुसरं 6-7 मिलिमीटरला. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये कालवतात. 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम पडलं की 10 पीपीएम. जोडीला विरळणी हवीच. दाटीत मणी फुगणार कुठं? एवढं सगळं जमलं, तर निर्यातीला लागणारा 18 मिलिमीटरचा मणी मिळतो.

मात्रा वाढवली की मणीही वाढतच जाईल, हा हिशेब मात्र चुकीचा. जास्त जीएनं देठ जाड व कडक होतात, मणी गळतात आणि पुढच्या हंगामात घडांची संख्या घटते. म्हणून बागायतदारानं छाटणीपासूनचे दिवस मोजून नव्हे, मण्याचा व्यास मोजूनच डिपिंगचा मग हातात घ्यावा.