बियाणं मिळालं, जमीन सरकारचीच राहिली

आजची गोष्ट लांबची, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरची आहे. नोव्हा स्कोशिया हा तिथला एक प्रांत. इथले मूळ रहिवासी म्हणजे मिकमाक लोक. उन्हाळ्यात समुद्रकाठी मासेमारी आणि हिवाळ्यात जंगलात शिकार, असं त्यांचं वर्ष जायचं. अठराव्या शतकात इंग्रजांशी त्यांनी मैत्रीचे करार केले. त्यात जमीन सोडलेली नव्हती. तरी गोऱ्यांच्या वसाहती वाढल्या, जंगल तुटलं, शिकार संपत आली.

1820च्या सुमारास सरकारनं मिकमाकांसाठी थोड्या जमिनी राखून ठेवल्या आणि शेती करा म्हणून सांगितलं. पण सांगून का शेती होते? बियाणं लागतं, बैल लागतात, अवजारं लागतात. पीक हाती येईपर्यंत चूल पेटती ठेवावी लागते. म्हणून कुटुंबांनी सरकारकडे अर्ज केले. 1841मध्ये पेमीनवीत या त्यांच्या प्रमुखांचं गाऱ्हाणं थेट लंडनला, राणी व्हिक्टोरियाच्या दरबारी पोचलं. पुढच्याच वर्षी प्रांतात कायदा झाला आणि जोसेफ हाउ यांची आयुक्त म्हणून नेमणूक झाली.

मदत आली, पण तुटपुंजी. बटाट्याचं बियाणं दिलं, तर 1845पासून बटाट्यावर रोग पडला आणि उपासमार झाली. केप ब्रेटन बेटावर तर राखीव जमिनीतली चांगली शेतं बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी बळकावली. ती अतिक्रमणं सरकारनं नीट हटवली नाहीत. या ओढगस्तीत बायकांनी विणलेल्या टोपल्यांवर कितीतरी घरं चालली.

1876चा इंडियन कायदा आला. राखीव जमीन सरकारच्या नावावर राहिली, त्यामुळे ती तारण ठेवून कर्ज काढता येईना. मदत हवी तर सरकारी एजंटाकडे जायचं. गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीत बायकांना 1951पर्यंत मतही नव्हतं. 1942पासून तर सगळ्यांना एस्कासोनी आणि शुबेनाकाडी या दोनच ठिकाणी हलवायचा घाट घातला गेला. घरं, नोकऱ्या देऊ म्हणाले. कित्येकांनी राहती घरं आणि कसलेल्या बागा मागं टाकल्या. एवढ्या लोकांना पुरेल असं काम मात्र तिथं नव्हतं.

हे लोक शेती करत नाहीत, असा ठपका त्यांच्यावर वर्षानुवर्षं होता. त्यांचे अर्ज वाचले की कळतं, शेतीसाठी ते मागतच होते. जमिनीवर हक्क आणि निर्णयात आवाज, या दोन गोष्टी तेवढ्या त्यांना दिल्या गेल्या नाहीत. गटाच्या पुढच्या बैठकीत एखाद्या योजनेचा अर्ज भराल, तेव्हा हेही विचारा: जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि ठरवणाऱ्यांत आपली बाई आहे का?