दाखल्यावाचून धर्म

चेरीताल ही जबलपूर शहरातील वस्ती. रस्त्यावर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी आमच्या घराची कित्येक पिढ्यांची रीत आहे. आमचे पूर्वज कुलाब्याकडून इकडे केव्हा आणि कशासाठी आले, याचा एकही कागद आमच्यापाशी नाही. श्रावणात घरी वालाचे बिरडे शिजते आणि आजीच्या तोंडचे काही कोकणी वळणाचे शब्द अजून मुलांच्या बोलण्यात येतात. पुरावा म्हणायचा तर तेवढाच. माझा व्यवसाय मात्र याच्या अगदी उलट आहे. मी सरकारी नोकर. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे दाखला मागणे हे माझे नित्याचे काम. म्हणूनच कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास वाचताना मी प्रत्येक वेळी एका प्रश्नापाशी थबकतो. ज्या समाजाजवळ ग्रंथ नव्हते, गुरू नव्हते आणि वंशावळीही नव्हत्या, त्याने आपण कोण हे सिद्ध करावे तरी कसे?

यहुदी धर्मात रब्बी म्हणजे पुजारी नव्हे. तो शास्त्रज्ञ, शिक्षक आणि धर्मशास्त्राच्या बाबतीत निर्णय देणारा पंडित असतो. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रीबुवांशी त्याची तुलना करता येईल. अशा रब्बींनी भारतातील यहुद्यांविषयी काय म्हटले, हे पाहू लागलो की दोन प्रसंग ठळकपणे समोर येतात. त्यांच्यामध्ये साडेसातशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

पहिला प्रसंग इसवी सन १२०० च्या सुमाराचा. कॉर्डोव्हा येथे जन्मलेला आणि इजिप्तमध्ये स्थायिक झालेला मोशे बेन मैमोन हा मध्ययुगातील सर्वश्रेष्ठ यहुदी पंडित. दक्षिण फ्रान्समधील ल्युनेल गावच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात त्याने देशोदेशींच्या यहुद्यांची विद्या कशी खालावत चालली आहे याचा आढावा घेतला. भारतातील यहुद्यांविषयी तो लिहितो, की त्यांना शास्त्र ठाऊक नाही. विश्रांतीचा दिवस आणि आठव्या दिवशीची सुंता एवढेच ते पाळतात. त्याने गावाचे नाव दिलेले नाही, त्यामुळे हे वर्णन कोकणातल्याच लोकांचे असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु ते बेने इस्राएलांना चपखल लागू पडते, हे मात्र खरे. मैमोनच्या लेखणीत खंत आहे. मला मात्र त्या वाक्यात वेगळेच काही दिसते. शास्त्र विसरले गेले, तरी दोन आचार उरले. आणि त्या दोन आचारांवर एक समाज टिकला.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली. वाचलेल्यांची प्रजा गावोगाव पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. जगात अन्यत्र शेजाऱ्यांनी यहुद्यांना अनेक कडवट नावे ठेवली. कोकणाने त्यांना त्यांच्या सुटीच्या दिवसावरून ओळखले. गावांवरून त्यांची आडनावेही पडली : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर.

त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकली तर कोणाही मराठी माणसाला ती परकी वाटणार नाहीत. वर्षारंभ हा नव्याचा सण. मंदिराच्या नाशाचा शोक करण्याच्या दिवशी उपवासानंतर केळीच्या पानावर बिरडे वाढत, म्हणून तो बिरड्याचा सण. हिब्रू प्रार्थना विसरल्या गेल्या. उरली ती ईश्वर एकच आहे असे सांगणारी ‘शमा’. सुंता असो, लग्न असो वा मृत्यू असो, प्रत्येक प्रसंगी तीच एक प्रार्थना म्हटली जाई. वधूच्या गळ्यात मात्र मंगळसूत्र असे.

या समाजाला पुन्हा हिब्रू विद्येशी जोडणारा पहिला पुरुष म्हणून परंपरा दाविद रहाबी याचे नाव घेते. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. कोणी त्याला फार प्राचीन मानतात, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. त्याची कथा मात्र सर्वत्र सारखीच सांगितली जाते. हे लोक खरेच यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. धर्मशास्त्राची आज्ञा तीच आहे. ही कथा घडली तशीच घडली असेल किंवा नसेल. परंतु त्या समाजाने आपली साक्ष म्हणून कशाची निवड केली, हे तिच्यावरून कळते. त्याने ताम्रपट पुढे केला नाही, स्वयंपाकघर पुढे केले.

पुढे कंपनी सरकारच्या फौजेत हे लोक मोठ्या संख्येने शिरले. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल यहेज्केल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान उभारले. एकोणिसाव्या शतकात विद्येची ओढ वाढली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. पण बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपला ठेवला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. योसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यात आयुष्य वेचले. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, मोशे आणि योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनात रंगू लागली. रब्बी नव्हता, कीर्तनकार होता.

आता दुसरा प्रसंग. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि कोकणातील ही कुटुंबे मोठ्या आशेने तिकडे निघाली. तेथे विवाहाचे नियमन धर्मपीठाच्या हाती होते, आणि काही रब्बींनी त्यांचे विवाह नोंदण्यास नकार दिला. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य धर्मपीठाने अशा विवाहांना हरकत नसल्याचे ठरवले खरे. परंतु १९६२ च्या फेब्रुवारीत मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांनी सूचना काढल्या, की बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. रब्बींची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांच्या शास्त्राप्रमाणे विधिपूर्वक सोडपत्र न घेता स्त्रीने पुन्हा लग्न केले, तर त्या संततीच्या विवाहाला कडक बंधने येतात. शास्त्र विसरलेल्या समाजात तसे घडलेच नसेल हे कशावरून, अशी त्यांची शंका होती. समाजाचे उत्तर असे, की आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हताच. शंका शास्त्राला धरून होती. पण ती एकाच समाजाचे नाव घेऊन विचारली गेली, आणि अन्याय होता तो तेथे.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबे बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. १७ ऑगस्टला हा प्रश्न क्नेसेटमध्ये, म्हणजे तेथील संसदेत, चर्चेला आला. बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांच्यात व इतरांत कोणताही भेद नाही, अशी भूमिका पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने त्या सूचनांतून समाजाचे नाव वगळले आणि ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणत्याही व्यक्तीला तो नियम लागू केला. नियम राहिला, बोट दाखवणे थांबले. कारभाराचा अनुभव असलेल्या माणसाला या लहानशा दुरुस्तीचे मोल सांगावे लागत नाही.

१९५१ च्या जनगणनेत भारतातील यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. पुढे ती काही हजारांवर आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. म्हणजे आता त्यांच्यापाशी दाखलाही आहे. फक्त तो मागणारी माणसे बहुतेक समुद्रापार गेली. तिकडे दिमोना, अश्दोद आणि लोद या गावांतून मराठी अजून कानी पडते, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले आहे. कोकणात ज्यांनी यहुदीपण जपले, त्यांनी इस्राएलात मराठीपण जपावे, यात मला काही नवल वाटत नाही. जपण्याची सवय त्यांना फार जुनी आहे.

माझ्या टेबलापाशी अजूनही कागद नसलेला माणूस येऊन उभा राहतो. नियम मला मोडता येत नाही आणि मोडू नये हेही मला कळते. पण त्याला परत पाठवण्यापूर्वी मी हल्ली एक जादा प्रश्न विचारतो : तुमच्याकडे काय नाही ते पाहिले, आता काय आहे ते सांगा. पुष्कळदा त्या उत्तरातच वाट सापडते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांकडून मी एवढे शिकलो.