चाळ कांद्याची, चाळ माणसांची

थ्रेड. नेहमीपेक्षा लांब आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

देवळा तालुक्यात उमराण्याकडे जा किंवा लोहोणेरकडे. गावठाण मागे पडले की मळ्यांतली घरे सुरू होतात. घराशेजारी बहुधा एक लांबट, जमिनीपासून उचललेली, दोन्ही अंगांनी वारा खेळता ठेवणारी वास्तू दिसते. ती कांद्याची चाळ. पूर्वी बांबू, कुड आणि वर उसाचे पाचट असे. आता लोखंडी सांगाडा आणि पत्रे आले. पुष्कळ मळ्यांत चाळ पक्की झाली तरी शेजारचे घर अजून जुनेच असते. परक्याला हा क्रम उलटा वाटतो. हिशेब समजून घेतला की तो उलटा राहत नाही.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. त्या वेळी सगळ्यांचाच निघतो, म्हणून भाव पडलेला असतो. ज्याच्याकडे चाळ नाही त्याला शेतातूनच गाडी भरून बाजार गाठावा लागतो. ज्याच्याकडे आहे तो चार-पाच महिने थांबतो. या काळात कांदा सुकतो, सडतो, वजनात घटतो; तरीही पोळा-दसऱ्याच्या सुमारास भाव वर गेला तर घट भरून निघते. म्हणजे चाळ बांधणारा शेतकरी थांबण्याची ऐपत विकत घेत असतो, आणि तिचा पैसा तो स्वतःच्या निवाऱ्यावरचा खर्च पुढे ढकलून उभा करतो.

हाच हिशेब मराठी माणसाने याआधी मोठ्या प्रमाणावर केला तो मुंबईत, आणि योगायोग असा की त्याही वास्तूचे नाव चाळच.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या अर्धशतकात परळ-लालबागचा परिसर गिरणगाव झाला. माणसे आली ती कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरून. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिच्यात जवळपास ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता. भाड्याचा वाटा मात्र दहा टक्क्यांच्याही आत होता.

हा आकडा वाचून मुंबई तेव्हा स्वस्त होती असे समजू नये. भाड्याचा वाटा कमी होता कारण जागाच जवळजवळ नव्हती. त्याच दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. त्यांतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक.

एकट्या गड्यांची व्यवस्था याहून काटकसरीची. एका गावची माणसे मिळून एक खोली घेत. वर्गणी ठरलेली, ट्रंका भिंतीला लावलेल्या. दिवसपाळीचा गडी उठला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत. ती चालवणाऱ्या बहुधा गिरणी कामगारांच्याच घरच्या बाया. गिरणगावाच्या बचतीचा इतिहास लिहिताना आपण या बायांना नेहमी विसरतो. त्यांच्या श्रमाची किंमत जवळजवळ शून्य धरली गेली, म्हणूनच गड्याच्या पगारातून काही शिल्लक उरे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच खानावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी.

उरलेली शिल्लक गावी जाई ती मनीऑर्डरने. टपाल खात्याने ही सोय १८८० मध्ये सुरू केली. गावाकडची शेतसाऱ्याची रक्कम, बहिणीचे लग्न, सावकाराचा हप्ता हे सगळे त्या खोलीतल्या दाटीतून भागे. आणि तरीही १९२१-२२ च्या त्याच पाहणीत निम्म्याच्या आसपास कुटुंबे कर्जात सापडली. काटकसर आणि दारिद्र्य एकाच खोलीत नांदू शकतात!

मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. महागाई चढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले. माझ्या मते मराठी कामगाराला मुंबईत मिळालेली सर्वांत मोठी मिळकत पगार नव्हती, ही गोठलेली भाड्याची पावती होती. ती ज्याच्या हाती होती त्याची मुले शिकली, बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत लागली. उशिरा आलेल्याला मात्र पागडी मोजावी लागली किंवा झोपडीत राहावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा कित्येक घरे तगली ती त्या पावतीवर.

देवळ्याच्या माणसाला याच हिशेबासाठी जवळचे शहर होते नाशिक. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, सातपूर आणि पुढे अंबडला कारखाने आले. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ पासूनचा. कामगारांसाठी सिडकोने नव्या नाशकात सहा योजनांत छोटी घरे बांधली आणि भाडेखरेदीने दिली. हप्ते भरत राहायचे, शेवटी घर आपले. पुढे अनेकांनी वर मजला चढवला. खाली आपण, वर भाडेकरू. कसमादेतून आलेल्या कित्येक पोरांचा नाशकातला पहिला मुक्काम अशा वरच्या खोलीत झाला आहे.

पण चाळ बांधून थांबणाऱ्याला किंवा हप्त्याचे घर घेणाऱ्याला कोणी हमी देत नाही. कांदाचाळीला सरकारने अनुदान दिले. बराच काळ ते टनामागे ३,५०० रुपये, २५ टनांपर्यंत असे होते. म्हणजे शेतकऱ्याने थांबावे असे सरकारलाच वाटत होते. आणि १९ ऑगस्ट २०२३ रोजी, उन्हाळ कांदा अजून चाळीत असताना, केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदीच झाली. ती ४ मे २०२४ पर्यंत टिकली. तोवर आलेला लाल कांदा चाळीत टिकणारा नव्हता; तो मिळेल त्या भावाने गेला.

आज देवळ्यातल्या तरुण जोडप्यापुढे प्रश्न आहे तो नाशकात फ्लॅट घ्यावा की मळ्यात राहून चाळ वाढवावी, हा. फ्लॅटचा हप्ता दरमहा ठरल्या तारखेला जातो; कांद्याचे पैसे महिन्याची तारीख पाहून येत नाहीत. दोघांपैकी एकाला तरी पगार असला तर गणित बसते. दोघेही शेतीवर असतील तर हप्ता चुकू नये म्हणून भाव नसताना चाळ रिकामी करावी लागते. म्हणजे ज्यासाठी चाळ बांधली तेच हातचे जाते.

तुमच्या घरी जुन्या मनीऑर्डरच्या पावत्या, सिडकोच्या घराच्या हप्त्यांचे पुस्तक किंवा बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या जपून ठेवल्या असतील, तर साल आणि रकमेसह खाली लिहा. नावे नकोत. पुढचा थ्रेड त्यांवरच करू.